हवालदारमामा आणि आमचं पिस्तूल

आश्विन शुद्ध अष्टमी, १९८४. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा, म्हणून पिस्तुलाची पेटी कपाटातून खाली काढायची होती. मागच्या पडवीत मेणकापड अंथरलं, वाटीत मशीनचं तेल ओतलं, जुन्या धोतराच्या चिंध्या ठेवल्या. पिस्तुलावरचं फ्लॅनेल मात्र मी सोडलं नाही. ते हवालदारमामांनीच सोडायचं, असा तेरा वर्षांचा नेम होता.

हवालदारमामांची एक सवय पाहुण्यांना चमत्कारिक वाटायची. रिकामी वस्तू दिसली की ते तिच्यात करंगळी घालत. चहा संपला की कपात, पाणी ओतून झालं की तांब्यात, एकदा तर आमच्या नव्या प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या भोकात. सासूबाई म्हणायच्या, "हवालदार, तुमचं बोट एक दिवस अडकून बसायचं कुठेतरी." मामा गंभीरपणे उत्तर द्यायचे, "आक्का, डोळ्याला चष्मा लागतो. करंगळीला नाय लागत."

ते सिन्नरकडचे. लष्करात हत्यारं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि पेन्शनीत आल्यावर देवळालीला कुलपं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं. नवरात्र आलं की मात्र दुकान बंद. लायसन्सची हत्यारं असलेल्या चार घरांचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. आमचं नाशिकमध्ये, बाकीची तीन सिन्नरकडे. पूजेआधी प्रत्येक घरचं हत्यार साफ करून, तपासून द्यायचं. बदल्यात जेवण आणि एक टोपी. याहून जास्त कुणी देऊ केलं तर त्यांना राग येई.

आमचं पिस्तूल सासऱ्यांनी इंग्रजांच्या काळात घेतलेलं, बत्तीस बोअरचं, मागे उघडा घोडा असलेलं. सासरे गेल्यावर लायसन्स यजमानांच्या नावावर झालं. पण ते रेल्वेत, इगतपुरीला. किल्ली माझ्याकडे. पहिल्याच वर्षी मामांनी मला समोर बसवलं. "ताई, किल्ली ज्याच्याकडं, त्याला हे आलं पायजे. आधी मॅगझिन, म्हंजे काडतुसांचं खोकं, काढायचं. मग वरची स्लाइड मागं ओढायची. मग आत बघायचं. मग बोट घालायचं. हा क्रम मोडला की माणूस मोडला." पिस्तुलाचं तोंड कायम वाळूच्या पोत्याकडे. ते पोतं विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेलं असे. एवढं सगळं झाल्यावरच चाप ओढून घोडा पडतो का ते पाहायचं, तेही वर्षातून दोनदाच. "पिन म्हातारी हाय. रिकामी आपटत बसलं तर तुटंल."

घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली उतरवणं त्यांनी मला फक्त रिकाम्या पिस्तुलावर शिकवलं. एकदा मी विचारलं, आत काडतूस असताना घोडा चढलेला असेल तर? त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. नखाच्या जागी पांढरा व्रण होता. "माझ्या उस्तादाला वाटायचं, आपला अंगठा घसरत नाय. मी शेजारी उभा होतो, गोळी इथनं गेली. भरलेल्यावर घोडा उतरवायचा नाय. आधी काढायचं, मग उतरवायचं."

सासूबाईंचं आणि त्यांचं दरवर्षी एकाच गोष्टीवरून वाजायचं. सासूबाईंचं म्हणणं, रिकाम्या हत्याराला हळदकुंकू वाहणं म्हणजे देवीची थट्टा. सासरे असताना पाटावरचं पिस्तूल भरलेलं असायचं. मामा म्हणत, "आक्का, देवीला बोट नाय लावायचं चापाला. लेकरं लावत्यात." शेवटी काडतुसं वाटीत घालून शेजारी ठेवायची, असा तह झाला होता.

त्या अष्टमीला मामा आले ते भिंतीला हात लावत. मोतीबिंदू पिकत आला होता. मी म्हटलं, "मामा, ऑपरेशन करून घ्या की." म्हणाले, "दसरा झाला की." तेलाची वाटी त्यांनी दोनदा चाचपडली. मला ते दिसलं, आणि मी गप्प बसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सासूबाई दुपारी तोरणासाठी झेंडू निवडायला विहिरीपाशी बसल्या होत्या. सावली हवी म्हणून त्यांनी वाळूचं पोतं बाजूला ओढलं होतं, आणि कठड्याला टेकून स्वतःच बसल्या होत्या. अंगावर जुनं, तागाच्या रंगाचं लुगडं. मामांची पाठ माझ्याकडे होती. फ्लॅनेल सोडल्याचा आवाज आला. पूजेच्या वाटीत काढावीत म्हणून मी काडतुसांचा पत्र्याचा डबा उचलला. डबा हलका लागला. उघडला. सात असायची. एकही नव्हतं.

त्याच क्षणी स्लाइडचा खटका ऐकू आला, आणि त्यानंतर मॅगझिन मेणकापडावर ठेवल्याचा. उलटा क्रम. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की वरचं काडतूस चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खाचेत, जातं. नंतर मॅगझिन काढलं तरी ते तिथंच राहतं. मेणकापडावरच्या मॅगझिनच्या तोंडाशी पितळ चमकत होतं. मामांना ते दिसलं नव्हतं. बोट घालून पाहायचंही राहिलं होतं. घोडा चढलेला होता, हात सरळ झाला होता, आणि समोर पोत्याच्या जागी सासूबाई झेंडूच्या पाकळ्या फुंकत होत्या.

"मामा, बोट काढा. पिस्तूल भरलेलं आहे."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ते दचकले असते. बोट चापावरून निघालं. मी मागून त्यांचं मनगट धरून तोंड जमिनीकडे वळवलं. "उतरवतो," ते पुटपुटले आणि अंगठा घोड्यावर गेला. "नाही. आधी काढायचं," मी म्हटलं, आणि पिस्तूल त्यांच्या हातून घेतलं. स्लाइड ओढली. काडतूस फरशीवर पडून गरगरत गेलं. आत पाहिलं, बोट घातलं, मग रिकाम्यावर घोडा उतरवला.

"किती गोळ्या होत्या आत?" मामांनी विचारलं.

"एक."

"एकच लागती," ते म्हणाले आणि खाली बसले.

सासूबाई उठून आल्या. "मीच भरलं काल, तू आंघोळीला गेलीस तेव्हा किल्ली घेऊन," त्या म्हणाल्या. "हवालदार बघतीलच, म्हटलं. दरवर्षी बघतात." त्यांना अजून कळलं नव्हतं की नेम कुणावर होता. मी सांगितलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या.

मामा मात्र अवजारांची पिशवी आवरू लागले. "सिन्नरची गाडी गाठायची हाय. तीन घरं वाट बघत्यात."

"पिशवी इथं राहील."

"ताई, खुळ्यासारखं करू नका. तुमच्या घरच्या चुकीपायी झालं हे. भरून कुणी ठेवलं?"

"आईंनी. पण ओळखायचं काम तुमचं होतं."

"मला शिकवता? तुम्हाला मॅगझिन कुठल्या बाजूनं जातं ते ठावं नव्हतं."

"नव्हतं. तुम्ही शिकवलंत. म्हणूनच पिशवी देत नाही."

ते माझ्याकडे वळले, म्हणजे जिथे मी उभी होते त्या दिशेला. मग टोपी न घेताच गेले. मी जेवायला थांबा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ते थांबले नसते. दोन वर्षांनी वारले. मधल्या काळात मी दोनदा दुकानात गेले. त्यांनी आवाज ओळखून पाठ फिरवली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. चार घरं हीच त्यांची राहिलेली नोकरी होती, आणि ती मी काढून घेतली. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

पण त्या दिवशी नुसती पिशवी अडवून काम संपत नव्हतं. मामा हट्टी होते. पान्हे दुकानात आणखी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा सासूबाईंवर सोपवली, पिस्तूल कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली आणि पहिल्या एसटीने सिन्नर गाठलं. पहिल्या घरी दार उघडणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मामा नाही आले?"

"येतील. आले तर जेवू घाला," मी म्हटलं. "पण त्यांच्या हातात हत्यार देऊ नका." आणि आदल्या दिवशी काय झालं ते सगळं सांगितलं, सासूबाई कुठे बसल्या होत्या त्यासकट.

त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं, आणि दुसऱ्या घरची वाट विचारली.