कोम्बोला न दिलेलं उत्तर

कास्काझी, उत्तरेकडचा वारा, पहाटेपासून सुटला होता. अंगणात वाळत घातलेल्या शिंदीच्या पात्या उडून कोंबड्यांच्या पायात जात होत्या, आणि मोझा वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्या गोळा करत होती. आमच्या सियू गावात आम्ही बायका सकाळी चटया विणतो. तिचं अंगण माझ्या अंगणाला लागून, त्यामुळे विणणं, बोलणं, भांडणं सगळं एकाच भिंतीला टेकून.

मोझा गाणी रचते. लग्नातली तिचीच, मयताचीही तिचीच. तरुणपणी नुसती चावट होती. तिचं गाणं सुरू झालं की नवरदेवाच्या आईला ओढणी तोंडात कोंबावी लागे. आमच्यात कुणी ओळी टाकल्या, की त्याच चालीत उत्तर द्यायचं. नवरा-बायको भांडतात तीही अशीच. उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

तिचा नवरा कोम्बो गलबतातून तिवराची लाकडं न्यायचा. एका वर्षी मोझाच्या आईचा चाळिसावा दिवस व्हायचा होता, तरी हा निघाला. ही भडकली. तर त्यानं धक्क्यावरून, सगळ्या गावादेखत, हसत हसत गळा काढला:

‘वारा आला, शीड भरलं, बोल एक तरी,
मुकी राहिलीस दारात, तर कसा येऊ घरी?’

आम्ही सगळ्या हिच्याकडे बघायला लागलो. उत्तर हिच्या जिभेवर आलेलं मी स्वतः पाहिलं. पण गिळलंन. म्हणाली, “ताटकळू दे मेल्याला. आल्यावर देईन.”

तो आला नाही. उत्तरेच्या किनाऱ्याला नुसत्या फळ्या लागल्या.

तेव्हापासून गाणीच बदलली. लग्नाच्या गाण्यात दोघं एका दिव्याशी बसलेली असतात, आणि तिसऱ्या ओळीत एकटंच कुणीतरी वात खाली करतं. मयताच्या गाण्यात मानेच्या घामाचा वास येतो, पाठीला तेल लावणारा हात येतो. लग्नात बायका रडतात, मयतात लाजतात. गाव कुरकुरतं, पण बोलावतं हिलाच.

त्या सकाळी तिची जाऊ रेहेमा आली. मुलीचं, तिमाचं, लग्न चार दिवसांवर होतं.

“जाऊबाई, पाया पडते. माझ्या पोरीच्या गाण्यात होडी नको, धक्का नको, वारा तर नकोच नको.”

“मग काय घालू? बोकड?”

“घाला! बोकड घाला, अत्तर घाला, मोगरा घाला. फक्त कुणाला मारू नका.”

मोझानं तिथंच रचून दाखवलं. अत्तर होतं, मोगरा होता. रेहेमानं मान डोलावली, पण तिलाही ते अळणी लागलं असणार, कारण लगेच उठून गेली.

थोड्या वेळानं तिमा स्वतः आली. लग्न ठरलेल्या पोरीनं असं बाहेर पडू नये, म्हणून आईचा बुरखा घालून आली होती. चालीवरून आम्ही लांबूनच ओळखली.

“काकी, आईचं गाणं मला नको. काकांसाठी जे उत्तर ठेवलं होतंत, ते द्या. एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत. मी गाईन.”

मी विणायची थांबले. ते उत्तर मीही कधी मागितलं नव्हतं.

मोझानं हातातली पाती चिरून संपवली. मग म्हणाली,

‘घर काही पळत नाही, तूच पळतोस पाण्यावरी…’

“पुढे?”

“पुढचं गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“विसरले गं. कुणापुढं म्हटलंच नाही, तर टिकणार कसं? तो येईल म्हणून जपलं, मग तो नाही म्हणून जपलं. एक दिवस चाचपलं, तर हाताला लागेना. शोधायला बसते, आणि भलतंच काहीतरी सापडतं. तेच तुम्ही लग्नात गाता, मयतात गाता. कोम्बोला द्यायची एकही ओळ त्यात नाही.”

तिमा खाली बसली. बुरख्यातून फोन काढून होणाऱ्या नवऱ्याचं नाव दाखवलंन. “अथमाननं काल ओळी पाठवल्यात. लग्न झाल्यावर लगेच मासेमारीला जातो म्हणतो. मी उत्तर नाही दिलं.”

“का?”

“ताटकळू दे म्हटलं.”

मोझाचा हात थांबला. “दे आत्ता,” ती म्हणाली.

“जुळत नाहीये, काकी. तुम्ही रचून द्या ना.”

“माझं कशाला? तुझं दे. वाकडं दे, शिव्या दे, पण दे.”

तिमानं फोन लावला, तोंडाशी धरून दोन ओळी म्हटल्या. चाल मोडली, शेवट तर बकरीनं चघळल्यासारखा झाला. एरवी मोझानं असलं कुणाला सोडलं नसतं. आज तिनं एक शब्द बदलला नाही. पलीकडून त्या पोराचा आवाज आला, हसत होता. तिमा फोन कानाला लावून भिंतीमागे गेली.

मोझा त्या हसण्याकडे कान देऊन बसली होती, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

“तूर शिजत आली असेल,” ती म्हणाली. उठली, नारळ फोडलान, पाणी पोरीसाठी वाटीत काढून ठेवलंन, आणि खवणीवर बसून तुरीत घालायला खोबरं खवायला लागली.