सजग म्हणजे काय गं?

"प्रज्ञा, खरं सांग. हे फॉर्म तू घरी बसून भरलेस ना?"

आमच्या सर्वेच्या मॅडमनी असं विचारलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मुलगी कडेवर होती, ती रडायला लागली. टेबलावर माझा गठ्ठा. पेणकरपाड्यातल्या बायकांचे फॉर्म, सगळे मी दारोदार फिरून भरलेले.

"नाही मॅडम, शप्पथ."

"मग असे उलटे कसे आले?"

आमचं काम काय ते आधी सांगते. मी नववीपर्यंत शिकलेय. हे माझं पहिलं काम, गळ्यात आयकार्ड, त्याच्यावर माझा फोटो. घरोघरी जायचं, फॉर्म वाचून दाखवायचा, बाई सांगेल त्यावर टिक करायची, 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत. फॉर्मचे दोन भाग. पहिला माइंडफुलनेसचा. म्हणजे आत्ता मनात, अंगात जे चाललंय ते जसं आहे तसं बघायचं, त्याला चांगलं-वाईट म्हणत बसायचं नाही. कुणाला हे आपोआप जमतं, कुणाला नाही, ते मोजायचं. दुसरा भाग एन्झायटी आणि डिप्रेशनचा, म्हणजे चिंता किती आणि मन किती खचलंय. मॅडमचं म्हणणं, ज्यांना पहिल्यात जास्त मार्क त्यांना दुसऱ्यात बहुतेक कमी पडतात. शांती नगरच्या टॉवरमध्ये फिरणाऱ्या दुसऱ्या मुलींचे फॉर्म तसेच आले होते. माझ्या बायका मात्र दोन्हीकडे फुल्ल. माइंडफुलनेस पण टॉप, चिंता पण टॉप.

"सोमवारपर्यंत मला कारण सांग," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

घरी येईपर्यंत माझी छाती नुसती धडधडत होती. सासूबाईंना सगळं सांगितलं. आम्ही मूळचे परभणीकडचे. सासूबाई रोज बुद्धविहारात ध्यानाला बसतात. म्हणाल्या, "मला वाचून दाखव बरं तुझा फॉर्म."

मी पहिला भाग वाचायला घेतला, त्यात जागोजागी 'सजग'. 'माझ्या शरीरात काय चालले आहे याबद्दल मी सजग असते.'

"सजग म्हंजी काय गं?"

"सावध," मी पटकन बोलले.

"अगं, छातीत धडधडलं तर म्या म्हणते, धडधडायलंय. बघत बसते. जातंय आपोआप. सावध व्हावं चोरापासून. छातीपासून कशाला सावध व्हायचं?"

मी तिथेच गार पडले. कारण पेणकरपाड्यात प्रत्येक बाईने मला हेच विचारलं होतं, सजग म्हणजे काय गं. आणि प्रत्येकीला मी सांगितलं होतं, सावध. मला स्वतःलाच शब्द नीट माहीत नव्हता. ऑफिसचा नियम होता, अर्थ आपल्या मनाने सांगायचा नाही, मॅडमना फोन करायचा. पण फोन करून विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला एवढं पण येत नाही.

मग मला बेबीकाकू आठवल्या. गावठाणातल्या, तिथल्याच जुन्या. त्या म्हणाल्या होत्या, "बाय, मी त कायम सावध हाय. पोराला यायला जराक उशीर झाला त माजा जीव थाऱ्यावर न्हाय." मी खुशाल 'नेहमी'वर टिक केली होती. जी जास्त घाबरते, तिला मी जास्त मार्क देत गेले.

आता सांगितलं तर नियम मोडला म्हणून काम जाणार. नाही सांगितलं तर खोटारडी म्हणून जाणार. सोमवारी मी एका दमात सगळं बोलून टाकलं, मध्ये श्वास पण घेतला नाही.

"तुला अर्थ सांगायला कोणी सांगितलं होतं?" मॅडमचा आवाज चढला.

"कोणी नाही मॅडम. माझंच चुकलं. पण सगळ्या जणी विचारतात हो. शब्दच कळत नाही कुणाला."

त्यांनी पर्स उचलली. "चल, त्या बेबीकाकूंकडे."

काकू ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. मॅडमनी छापलेलं वाक्य वाचलं.

"सजग म्हंजे?" काकू.

"म्हणजे... जागरूक."

"जागरूक? वाचमनसारकी?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी विचारलं, "काकू, छातीत धडधडलं तर तुम्ही शांत बसून बघता, का घाबरता?"

"बघतंय कशाला! मेली मेली करतंय न् पानी पितंय!"

मॅडम खोखो हसल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "लक्ष जाणं वेगळं आणि लक्ष जाऊन न घाबरणं वेगळं. तुझ्या सासूबाईंचं पण लक्ष जातं, काकूंचं पण जातं. फरक पुढे आहे. माझं वाक्य तो फरक विचारतच नव्हतं."

"म्हणजे मला काढणार नाही ना?"

"आधी तुझं वाक्य लिहून दे."

मी लिहून दिलं. 'छातीत धडधडलं तरी मी न घाबरता नुसतं बघू शकते.' रिक्षा हलत होती, अक्षर वाकडंतिकडं आलं. मॅडमनी ते त्यांच्या वरच्या सरांना दाखवलं, आधी थोड्या घरांत वाचून बघितलं, आणि छापलं. जसंच्या तसं. 'सजग'ची बाकीची वाक्यं पण मग अशीच बदलली. नववीवाल्या बाईचं वाक्य आता शांती नगरच्या टॉवरमधल्या बायकांना पण वाचून दाखवतात. मी तो कागद नवऱ्याला तीनदा दाखवला.

नवीन फॉर्ममध्ये बेबीकाकूंना पहिल्या भागात कमी आले, दुसऱ्यात जास्त. आता आमच्या काउन्सेलर ताई त्यांच्याकडे जातात. थोड्या जणींचे फॉर्म अजून पण उलटे येतात. मॅडम म्हणतात, येऊ दे, सगळी माणसं सारखी नसतात. आयकार्ड माझ्या गळ्यातच आहे. जुना गठ्ठा मात्र सगळा रद्द झाला.

म्हणून सांगते, शब्द कळला नाही तर फोन करायचा. दोन मिनिटं लाज वाटते. सगळा पेणकरपाडा पोरीला कडेवर घेऊन परत फिरायला तीन आठवडे लागतात.