आत्याचा खडू

अनोळखी गावात मुक्कामाला खोली शोधताना तुम्हाला सगळ्यात आधी काय विचारतात, आणि त्याचं उत्तर देताना तुमचा आवाज खाली जातो का? जात नसेल, तर तुम्ही नशीबवान. असो. आधी माझ्या आत्याला भेटा. पाठीवर सॅक टाकून परक्या देशात एकटीनं हिंडणारी एवढी निर्धास्त बाई बीड जिल्ह्यात झाली नाही आणि होणारही नाही, असं मी पैजेवर सांगते. नोकरीभर ती सरकारी नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणींनी बंगल्यावर मजला चढवला. आत्यानं पासपोर्ट काढला आणि केजच्या बाजारातून शाळकरी पोरांची असते तसली हिरवीगार सॅक आणली. तिच्यात दोन साड्या, आठवड्याच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बीपी मोजायचं यंत्र. हे यंत्र ती कुणालाही लावते. विमानात शेजारी बसलेल्या एका धिप्पाड गोऱ्या गृहस्थाला तिनं हवेतल्या हवेत मीठ बंद केलं. आमच्या घरात खाऊपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त यायची, आता ती मीच लिहिते. व्यवस्थेला मुळापासून हादरवणारं माझं सगळ्यात जहाल पत्रक आत्यानं चटणीच्या पुडीला वापरलं. मी चिडले, तर म्हणाली, "अगं, आपल्या वडगावच्या बाहेर कुणी नेलतं का तुझं पत्रक? मी पार हनोईला नेलं. तेल बी गळलं न्हाई."

आत्या शहर बघत नाही, शहराचा सर्व्हे करते. पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरून दारावर खडूनं खूण करायची तिची सवय इतकी हाडात मुरलीय की परक्या शहरातही ती बस थांबली तिथून खडूचे बाण मारत निघते. म्हणजे परतीची वाट चुकत नाही. मोबाइलमधल्या नकाशावर तिचा काडीचा भरवसा नाही. "त्याची बॅटरी मरती. खडूची मरती का?" आणि तिचा दुसरा हट्ट त्याहून भारी. खोली आधी ठरवायची नाही. मी तिला शंभरदा सांगितलं, "आत्या, बोट लावलं की खोली बुक होते." ती म्हणते, "बोटानं न्हाई. दारात उभं राहून, तोंडानं मागायची."

हनोईत भर दुपारी ती अशीच एकटी उतरली. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. पिवळ्या भिंतींच्या गल्लीबोळांतून बाण मारत ती निघाली. पाचव्या वळणावर सहज मागं बघते, तर एक म्हातारा ओल्या फडक्यानं शेवटचा बाण पुसतोय! मागचे सगळे बाण त्यानं आधीच साफ केलेले. आत्या कमरेवर हात ठेवून त्याच्यावर कडाडली, "कावून पुसलं ओ आजोबा? आँ? आता मी परत कशी जाऊ, तुमच्या खांद्यावर बसून?" आजोबाही त्यांच्या भाषेत भिंतीकडं बोट करून तितकेच कडाडले. दोघंही घसा बसेपर्यंत भांडले, आणि आत्यानं सवयीनं यंत्र काढून त्यांच्या दंडाला बांधलं. बीपी वाढलेलाच होता. म्हातारा खो खो हसला आणि तिला बाही धरून घरी घेऊन गेला. त्याची बायको प्रवाशांना खोल्या द्यायची.

आता खरी गोष्ट. म्हातारीनं पासपोर्ट मागितला. "त्यात आडनाव छापलेलं असतंय ना गं," ती मला सांगत होती. "तिनं वाचलं. परत वाचलं. आन् तिला कायबी कळलं न्हाई! किल्ली दिली, वर गरम पाणी दिलं. लई रडले मी त्या खोलीत."

कारण आत्याची पहिली नेमणूक ज्या गावात झाली, तिथं ती खोलीसाठी सतरा दारांत उभी राहिली होती. प्रत्येक दारात आधी गोड हसू, मग आडनावाची चौकशी. आडनावावरून जात कळली की खोली "कालच दिली बघा." आत्या उपकेंद्रात औषधांच्या खोक्यांशेजारी राहिली, आणि पुढं त्याच सतरा घरांतल्या लेकरांना डोस पाजून दारांवर खडूनं खुणा करत गेली. मी जात या विषयावर ढीगभर लिहिलंय. पण आडनाव न कळण्यातलं सुख मला तिनं सांगितलं. त्या सुखासाठी माणसाला व्हिएतनाम गाठावं लागतं, याची लाज कुणाला वाटायला हवी?

हल्ली आत्याचे गुडघे कुरकुरतात. परवा गेले, तर ती सॅक झटकत होती. "आता कुठला देश?" मी विचारलं. "देश झाले. एक गाव ऱ्हायलंय," ती म्हणाली, "आपल्याच जिल्ह्यातलं. बघू, अठराव्या दारात काय म्हणत्यात." मी सोबत येते म्हणाले, तर नको म्हणाली. अशा ठिकाणी एकटीनंच उतरायचं असतं म्हणे.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते तुमचंही असू शकेल. तेव्हा एवढंच करा. हिरवी सॅक घेतलेली, बोटांना खडू लागलेली एक म्हातारी तुमच्या दारात आली आणि तोंडानं खोली मागू लागली, तर तिला आडनाव विचारू नका. किल्ली द्या. आणि दंड पुढं करा, बीपी ती बघेलच.