चाल बाबू, घरी जाऊ

माझी शेवटची पोस्टिंग बर्फातली. दिवस सकाळी सातच्या रेडिओ चेकने सुरू व्हायचा. मग बर्फ वितळवून पाणी, चहा, गस्त, पहारा. लान्स नायक दत्ता माझा बडी, म्हणजे गस्तीतला जोडीदार. तो साताऱ्याकडचा, मी नान्हे, भंडाऱ्याजवळच्या वैनगंगेकाठचा ढिवर, मासे धरणाऱ्यांच्या घरातला. मला मासळीवाचून करमत नाही, यावरून तो रोज माझी फिरकी घ्यायचा. "नान्हे, हितं जाळं टाकून काय घावणार? बर्फाचं खडं?"

एका सकाळी गस्तीवर असताना वरून बर्फ सुटला. आम्ही बाकीचे अंगावरचा बर्फ झटकून उठलो. दत्ता दिसेना.

रेडिओवर कंपनी कमांडर होते. "अल्फा, रिपोर्ट. ओव्हर."

"एक जवान मिसिंग. शोधतोय. ओव्हर," मी कळवलं.

आधी फावड्यांनी खणलं. तो जवळच असेल असं वाटलं तेव्हा फावडी टाकून हातांनी खणलं. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि त्याच्या हाताला लागला. मी रेडिओवर म्हणालो, "मिळाला. ओव्हर." जिवंत आहे का, हे कुणी विचारलं नाही. माझ्या आवाजावरून कळलं असावं.

त्याचं सामान घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने एकच विचारलं, "तूच काढलास न्हवं त्याला? सापडला तवा काय म्हणलास माझ्या लेकाला?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. मान खाली घालून चहा प्यालो.

पेन्शन घेऊन घरी आलो तेव्हा माझा उजवा हात बिघडलेला होता. डॉक्टरांना त्यात दोष सापडला नाही. पण जिथे दिसत नाही तिथे तो जायचाच नाही. तांदळाच्या कोठीत नाही, गढूळ पाण्यात तर नाहीच. ढिवराच्या पोराची ही गत! गावाने हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. बायकोने माझ्यासाठी तांदूळ काचेच्या बरणीत भरून ठेवायला सुरुवात केली. तिच्यावर माझा जीव आहे तो असल्याच गोष्टींमुळे.

नदीत कुणी बुडालं की माझ्या वडिलांना बोलावणं यायचं. ते डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, घेऊन जात, बुडी मारत आणि माणसाला वर आणत. एकदा मी विचारलं, "बा, तुले भेव नाई लागत?"

"लागते ना. म्हून त्याच्यासंग बोलतो. चाल बाबू, घरी जाऊ, म्हनतो. मंग तो मले परका नाई वाटत."

"त्याले ऐकू येते का?"

"मले येते ना."

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावचा एक तरुण बैल धुताना वाहून गेला. बैल निघाले, तो नाही निघाला. वडिलांचे गुडघे तोवर गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डोंग्यात बसले, आणि बुडी मारायची वेळ माझ्यावर आली. काठावर त्या तरुणाचा बाप लेकाच्या चपला मांडीवर घेऊन बसला होता.

पहिल्या बुडीत बोटांना शर्ट लागला. हात झटकन मागे आला. मी वर येऊन डोंग्याची कड धरली.

"लागला?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"बोलला त्याच्यासंग?"

"नाई."

"मंग बोल. घाई नाई."

मी पुन्हा खाली गेलो. पाण्यात तोंड उघडता येत नाही, म्हणून मनातच म्हणालो. पण त्या तरुणाचं नाव आलंच नाही. चल दत्ता, घरी जाऊ. हात पुढे गेला, आणि या वेळी मागे आला नाही. मी त्याला वर आणलं. बापाने दुपट्ट्याने लेकाचं तोंड पुसलं. मी डोंग्याच्या आडोशाला बसून पोटभर रडलो. दत्ता गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता वडील नाहीत. बोलावणं मला येतं आणि मी जातो. काठावर बसलेल्यांजवळ थोडा वेळ थांबतो, मग पाण्यात उतरतो. हे काम मला दत्ताने दिलं, असं मी मानतो.

पण त्या तरुणाला वर आणलं त्या संध्याकाळी मी आधी साताऱ्याकडे, दत्ताच्या आईला फोन लावला.

"आई, तुम्ही मला विचारलं होतं. तेव्हा मी काही बोललो नव्हतो. आज म्हणालो त्याला. चल दत्ता, घरी जाऊ."



"बरं झालं बाळा," ती म्हणाली. "लई वाट बघत हुती मी."