साहेबाने माझ्या आजेसासऱ्यांना दिलेला शब्द

"बाबा गेले," असा नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं होतं. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणी अशी बातमी दिली असती, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "डॉक्टर का क्या भरोसा?"

महिना उलटला, तरी स्नेहलतागंजातल्या आमच्या घरात अजून सगळे जपूनच बोलतात, जणू बाबा प्रत्येक शब्द तपासणार आहेत. दूधवाला, बँकेतून फोन करणारी मुलगी, गोड बोलणारा शेजारी... बाबांच्या लेखी सगळे 'ब्लॅगार्ड', म्हणजे हरामखोर. नागपूरहून इंग्रजी शिकवायला इंदुरात आलेली मीसुद्धा त्यातून सुटले नव्हते. त्यांचा संशय नव्हता तो एकाच माणसावर, महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबावर. बाबांचे वडील त्याच्या मेसमध्ये भांडी घासायचे आणि घरी येऊन हसत सांगायचे, "साहेब मला लाडानं ब्लॅगार्ड म्हणतो."

एकदा चहा पिताना बाबांनी मला या शब्दाचं मूळ विचारलं. मी शब्दकोश पाहून आले आणि दुसराच विषय काढला.

"सूनबाई, छुपाओ मत. तू काहीतरी दाबून ठेवतेयस."

मग सांगितलं. पूर्वी विलायतेत बड्या घराण्यांचा मुक्काम हलला, की काळी भांडी घेऊन गाड्यांतून जाणाऱ्या सर्वांत हलक्या नोकरांना थट्टेने 'ब्लॅक गार्ड', म्हणजे 'काळी पलटण' म्हणत. तोच हा शब्द असावा, नक्की कुणालाच माहीत नाही. लुच्चा हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

बाबांचा चहा तसाच राहिला. "मतलब साहब को पता था," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "और बाप को भी...?" मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. संशय मात्र वाढला, आणि आता तो गेलेल्या बापावर होता. बाप खरंच हसायचा, की पोरांना कळू नये म्हणून हसायचा? त्या दिवसापासून जेवण झालं की बाबा स्वतःची थाळी स्वतः घासू लागले. मी घ्यायला गेले की रागावत.

शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसले होते. आयुष्यभर लोकांच्या बोलण्यातली खोट शोधणारा हा माणूस मला म्हणाला, "सूनबाई, उस दिन झूठ बोल देती..."

त्यांच्या थाळीत आता माझा नवरा जेवतो. जेवण झालं की उठून ती घासतो, आणि मी हात पुढे करत नाही.