पापणीवरचं अंडं

आमची बदकं मोठी निर्लज्ज. अंडं घालतात आणि शेपटी हलवत तळ्यावर चालू लागतात. त्यावर बसायचं, ऊब द्यायची, हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून आमच्याकडे ते काम माणसं करायची. खरं सांगायचं तर अठरा वर्षं सगळ्या गावासाठी एकच बाई करत होती, माझ्या शेजारच्या फांगांची सून आयजू.

उबवणीच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना पेंढ्याचे जाड थर, खाली गरम भुशाच्या टोपल्यांत नवी अंडी, वर फळ्यांवर गोधड्यांखाली जुनी. अंडं पंधरा दिवसांचं झालं की त्याला स्वतःची ऊब सुटते, आणि त्याच उबेवर नवी अंडी लावायची. अठ्ठाविसाव्या दिवशी एक खेप फुटून पिल्लं बाहेर यायची, तोवर तिच्यामागे पाच खेपा लागलेल्या असायच्या. त्यामुळे वसंत लागल्यापासून जूनपर्यंत ती खोली कधी रिकामी होत नसे. आयजूलाही बाहेर पडता येत नसे.

ऊब ओळखायची अंडं मिटल्या पापणीवर टेकवून. खोलीत थर्मामीटर होता, पण म्हातारा फांग त्याला खिळ्यावरून खाली काढू देत नसे. काचेच्या नळीला काय कळतंय, म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या मुलाची पापणी मात्र अशी जाड निघाली, की एका वर्षी सहाशे अंडी शिजली. मग नव्या सुनेची पापणी पारखून पाहिली, ती बिनचूक! पोरीचा गुण तिच्याच गळ्यात पडला.

पापणी सांभाळायची म्हणून तिला दारू वर्ज्य, उन्हात जाणं वर्ज्य, आणि रडणंही वर्ज्य. रडून पापणी सुजून तापली की अंडं गार लागतं. मग बाई ऊब वाढवते आणि पिल्लं कवचातच मरतात.

त्या वसंतात तळ्यापलीकडून निरोप आला, आयजूची आई अंथरुणाला खिळली आहे.

"मामंजी, दोन दिवस जाऊन येते," ती सासऱ्याला म्हणाली.

"जा की! आधी अंड्यांना विचार, दोन दिवस थांबता का म्हणून."

ती परत आत गेली. आठ दिवसांनी आई गेल्याची बातमी आली, तेव्हा मी फांगांच्या अंगणातच होते. म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं.

"शुआंग, तुझीपण चारशे अंडी आहेत आत. आत्ता कळलं तर ती रडणार. तोंड शिवून ठेव. जून लागला की सांगू."

मी ठेवलं शिवून. सगळ्या गावानं ठेवलं, पण दुपारचं जेवण घेऊन तिच्याकडे रोज मी जात होते.

"शुआंगताई, पलीकडून काही निरोप?" ती रोज विचारायची.

"बरी आहे म्हणे. पेज पिते."

पेज मी पदरची घातली. ते ऐकून तिचा चेहरा असा खुलायचा, की मला पुढे उभं राहवायचं नाही. आईसाठी म्हणून तिनं वीस अंडी मिठात घालून ठेवली होती. "जूनमध्ये स्वतः नेईन, तिला पिवळा बलक लागतो," म्हणायची. मी हो हो करायची. माझी मलाच किळस आली, तरी चारशे अंडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मग एका सकाळी तिचा भाऊ आला. त्याच्या बुटांवर सुतकाचं पांढरं कापड शिवलेलं होतं. तो अंगणातूनच ओरडला.

"काल आईचा पस्तिसावा दिवस झाला! लेकीनं पान मांडायचं असतं. तुझ्या जागी शेजारीण उभी राहिली! एवढी गोड लागली होय गं तुला बदकाची अंडी?"

आयजू अंडं हातात घेऊन दारात आली. तिनं भावाच्या बुटांकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पेज पीत होती ना, ताई?"

मी तिच्या हातातल्या अंड्याकडे बघत राहिले.

ती रडली नाही. हातातलं अंडं पापणीला लावून कितीतरी वेळ उभी राहिली. आत जाऊन दुसरं आणलं, तेही लावलं.

"मामंजी, काही कळत नाही. पापणी मुकी झाली."

म्हातारा आधी हसला, मग शिव्या दिल्या, मग हात जोडले. कोमट पाण्याचे वाडगे तिच्या पापणीला लावून पाहिले, तिनं सगळे चुकीचे सांगितले. पापणी तिची. खरं की खोटं, कोण पडताळणार? त्या दुपारी ती मिठातली अंडी घेऊन भावाच्या होडीत बसली. सुतकाचा शेवटचा, एकोणपन्नासावा दिवस अजून बाकी होता, ते पान तिनं मांडलं. इकडे थर्मामीटर खिळ्यावरून उतरला, पण अंडी गेली ती गेलीच. माझीही चारशे गेली. मी तक्रार केली नाही.

ती परत आली तेव्हा खोलीला कुलूप होतं. पुढच्या वर्षी फांगांनी विजेवरचं यंत्र घेतलं.

गेल्या हिवाळ्यात माझी नात तापानं फणफणली होती. आयजू शेजारून आली आणि वाकून आपली मिटलेली पापणी पोरीच्या कपाळाला लावली.

"अडतीस. वर थोडं."

मी पोरीच्या काखेत थर्मामीटर लावला. अडतीस पूर्णांक तीन. मी मान वर केली, तर ती माझ्याकडेच बघत होती.

"कुणाला सांगायचं नाही, ताई."

"तोंड शिवून ठेवायची सवय आहे मला," मी म्हणाले.

ती हसली नाही.