बत्तीस अंशांवर पांढरं होणारं पाणी

झरीच्या बन्सीधररावांची थोरली लेक राजेश्री जिंतूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. एम.एस्सी. झाल्यावर तिला संशोधन करायचं होतं. पण आई गेली, धाकट्या भावंडांचं बघावं लागलं, मग नोकरी लागली आणि ते राहूनच गेलं. तक्रार नव्हती. फक्त, आपण शिकवतो त्यातलं फार थोडं आपण डोळ्यांनी पाहिलंय, हे तिला अधूनमधून टोचायचं.

एका मे महिन्यात तिची जुनी विद्यार्थिनी अबोली सुटीला आली. ती पुण्यात पॉलिमरवर पीएच.डी. करत होती. एसटीतून उतरली ती थेट मॅडमच्या घरी. पिशवीतून तिनं बंद तोंडाची एक काचेची नळी काढली. आत ताकासारखं पांढरं काहीतरी.

"अगं, उन्हानं नासलं की हे!" राजेश्री म्हणाली.

"नाही मॅडम. माठातलं पाणी द्या तांब्याभर."

नळी तांब्यात बुडली. दोघी वाकून बघत राहिल्या. पांढरेपणा कडेनं विरळ झाला, मधे धुकं उरलं, मग तेही गेलं. अबोलीनं नळी वर काढली, तर तिच्यातून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचता येत होते.

राजेश्रीनं नळी मुठीत धरली. जरा वेळानं मूठ उघडली, तर बोटं टेकली होती तिथूनच पांढरं चढायला लागलं होतं. तिच्या अंगावर काटा आला. साखर, मीठ, तुरटी, सगळं तापवलं की जास्त विरघळतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. आणि हे नुसत्या हाताच्या उबेनं पाण्यातून बाहेर पडत होतं.

"या लांबच लांब साखळ्या आहेत," अबोली सांगू लागली. "गार असताना पाण्याचे रेणू त्यांना धरून असतात, म्हणून त्या पसरून राहतात, दिसत नाहीत. बत्तीस अंशांच्या आसपास पाणी त्यांना सोडून देतं. मग त्या आक्रसतात, एकमेकींना चिकटतात. गार केलं की परत मोकळ्या."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा."

रविवारी राजेश्री नळी घेऊन झरीला गेली. बन्सीधररावांनी ती विहिरीच्या पाण्यात बुडवली, उन्हात धरली, परत बुडवली. चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"ह्यात जीव हाय का गं?"

"नाही अण्णा."

"मंग ह्याला कोण सांगायलंय, आता गरम झालं म्हणून?"

रेणूंचं उत्तर राजेश्रीला येत होतं. पण म्हाताऱ्यानं विचारलेलं त्याहून मोठं होतं, आणि आपल्यालाही तेच विचारायचंय, हे तिला तिथं ओसरीवर बसल्या बसल्या कळलं.

परतल्यावर तिनं अबोलीला फोन केला. "तुझ्या सरांना विचार, दिवाळीच्या सुटीत मी येऊ का? मला हे स्वतःच्या हातानं करायचंय."

सर हो म्हणाले. पोरासोरांच्या त्या प्रयोगशाळेत पिकल्या केसांची राजेश्री पांढरा कोट घालून उभी राहिली. पहिल्या खेपेला काहीच जमलं नाही. पाणी कितीही तापवलं तरी स्वच्छच राहिलं. साखळ्या तयारच झाल्या नव्हत्या. "हवा राहिली आत, तिच्यातला ऑक्सिजन साखळ्या जुळू देत नाही," अबोली म्हणाली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी राजेश्रीनं स्वतः नायट्रोजन सोडून आतली हवा काढली आणि घाई केली नाही.

मग तो क्षण आला. नितळ पाण्यात थर्मामीटर, खाली मंद आच. तीस. एकतीस. आणि एकाएकी, कुणी आतून फुंकर घालावी तसं, सगळं पाणी पांढरं झालं.

ती मटकन स्टुलावर बसली.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

"बरं? अगं, लय बरं वाटायलंय!" मॅडमच्या तोंडून झरीची बोली निघाली. डोळे भरून आले होते. तिनं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवलं, निवळू दिलं, पुन्हा आचेवर धरलं. अबोली जेवायला बोलावून थकली. राजेश्री जागची हलेना; तिला ते आणखी एकदा होताना बघायचं होतं.